दोन्ही बूट

बोम्मसंद्रा, बेंगळुरू
९ जून २०२५

वहिनींस मल्हारचा नमस्कार.

आधी गुन्हा कबूल करतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. एप्रिलमध्ये तुम्ही दामोदर पोस्टमनकाकांच्या मोबाइलवरून मला गाठलंत. दादाचा डावा पाय गुडघ्याखाली गेल्याचं सांगितलंत, आणि म्हणालात, तो बेंगळुरूच्या मिलिटरी हॉस्पिटलात आहे, तूही त्याच गावात आहेस, तर जाऊन बघ आणि सगळं पत्रात लिही. मे महिन्यात तुमचा परत फोन आला तेव्हा मी ‘भेटलो, बरा आहे, पत्र टाकलंय’ असं सांगितलं. भेटलो नव्हतो. पत्रही टाकलं नव्हतं.

तसा तीनदा निघालो होतो. पहिल्यांदा गेटपर्यंत गेलो, पहारेकऱ्यानं कुणाला भेटायचंय विचारलं, तर शहाळं प्यायला जातो म्हणून जो निघालो तो परत आलोच नाही. दुसऱ्यांदा बसस्टॉपवर एक ट्रकवाला भेटला, होसूरहून गुलाबाच्या फुलांचे खोके आणायला चाललेला. म्हणाला, येतोस का. वहिनी, तिकडं प्लॅस्टिकच्या छपराखाली मैलभर नुसते गुलाब आहेत, आणि वास म्हणाल तर खताचा. दोन दिवस तिथंच राहिलो. तिसऱ्यांदा बसमध्ये झोपलो आणि बनशंकरीच्या देवळापाशी जागा झालो. खरं कारण एकच. मला एक पाय नसलेला दादा बघायचा नव्हता.

परवा शनिवारी गेलो. गेटच्या आत कुटुंबांना मदत करायचं एक टेबल आहे. पास काढून देणं, फॉर्म भरून देणं, लांबून आलेल्यांना राहायची खोली बघून देणं, असली कामं तिथं होतात. टेबलामागं अनुसूया अक्का म्हणून साठीपुढच्या एक बाई बसतात. इथल्याच, तीनशे वर्षांपूर्वी आलेल्या मराठी घराण्यातल्या. नवरा हवालदार होता, तो गेल्यापासून हे काम करतात. मराठी बोलतात पण निम्मं कन्नड. मला म्हणाल्या, “स्वल्प थांब रे तम्मा, पळतोस कुठं?” मी नुसता दाराकडं बघितलं होतं. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

दादा खाटेवर बसून कॅरम खेळत होता. मांडीवर पांघरूण. मला बघून म्हणाला, “आला का भटक्या. बस, स्ट्रायकर घे.” तीन डाव हरलो. तब्येत चांगली आहे, दाढी घोटलेली आहे, विनोदपण करतो. मला तर वाटलं, उगाच घाबरलो. पण निघताना पाय बसवणारे पद्मनाभ मला बाजूला घेऊन बोलले. नवा पाय महिन्यापूर्वी तयार झालाय. दादा तो लावत नाही, व्यायामाला जात नाही. पाय खाटेखाली, त्यावर टॉवेल. पाच ऑगस्टला डॉक्टरांचं बोर्ड बसणार आहे. त्याआधी तो आधाराशिवाय चालला, आणि ‘मला नोकरीत राहायचंय’ या कागदावर त्यानं सही केली, तर बसून करायचं काम देऊन त्याला फौजेत ठेवतील. नाहीतर घरी. त्या कागदावर सही करायलाही तो तयार नाही.

मला वाटतं थोडा आळस चढलाय, दुसरं काही नाही. आणि वहिनी, एक विचारू? तुम्ही का येत नाही? त्यानं तुमचं नावसुद्धा काढलं नाही, म्हणून विचारतो. सुखदाला पापा.

मल्हार


बोरखळवाडी, जि. सातारा
१७ जून २०२५

मल्हार,

तुझं पत्र बालवाडीच्या पत्त्यावर मिळालं. इथून पुढंही तिथंच पाठव, घरी नको. शिव्या देत नाही. तीनदा निघालास आणि चौथ्यांदा पोचलास, तुझ्या मानानं लवकरच.

आता नीट वाच. का येत नाही ते सांगते, आणि ते तुझ्याजवळच राहू दे. आबांना सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्यांचं बोलणं आपल्याला समजत नाही, दोन-चार शब्द फुटतात तेवढेच. ऐकूही कमी येतं, म्हणून फोन सारखा त्यांच्या उशाशी, आवाज मोठा करून. त्यावरचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू जातो, काही बोलायची सोय नाही. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं सगळं मी करते. बालवाडीत जाते ते तीन तास शेजारच्या आत्या बसतात. त्यांना टाकून बेंगळुरूला कशी येऊ?

तुझे दादा तेव्हा चौकीवर होते. आबांची रीत तुला माहीत आहे. सीमेवरच्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही, पत्राची पहिली ओळ ‘इकडे सर्व खुशाल’ अशीच असली पाहिजे. त्यांचे स्वतःचे वडील गेले ते त्यांना वीस दिवसांनी कळलं आणि तरी ते म्हणायचे की बरोबर केलंत. तुमच्या आई गेल्या तेव्हाही यांना तेराव्यानंतर कळवलं. म्हणून जानेवारीत मी खुशाल लिहिलं. आणि फेब्रुवारीत, आबांना झोप लागलेली असताना, पलटणीतून मला फोन आला, की गस्तीवर सुरुंगावर पाय पडला. डॉक्टर म्हणाले होते, आबांना धक्का बसता कामा नये. मग आबांना सांगितलं की हे बेंगळुरूला कोर्ससाठी गेलेत. इकडंही खुशाल, तिकडंही खुशाल. मधे मी.

आबांचं तुला एप्रिलमध्ये सांगितलं नाही, कारण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आता सांगितलंय ते नाइलाजानं. यांना यातलं काही कळता कामा नये. आधी त्यांना उभं राहू दे. तोवर त्यांना वडिलांची काळजी कशाला?

आणि ते आळशी नाहीत. नऊ वर्षं संसार केलाय मी. सुट्टीवर आले तरी पहाटे खळ्याला दहा फेऱ्या मारणारा माणूस तो. तू पांघरुणाकडं बघितलंस, आता जरा माणसाकडं बघ. आयटीआय अर्धं सोडलंस, हॉटेल सोडलंस, ट्रक सोडला. एवढं एक काम पुरं कर.

कस्तुरी


बेंगळुरू
२६ जून २०२५

वहिनी,

तुमचं पत्र वाचल्यापासून आबा डोळ्यांसमोरून जात नाहीत. पण आधी कामाचं सांगतो.

मी बोम्मसंद्र्यातलं पॅकिंगचं काम सोडलं. कपाळाला हात लावू नका, या वेळी कारण आहे. पेशंटजवळ घरचा एक माणूस राहू शकतो, त्याचा पास अक्कांनी काढून दिला आणि आवारातल्या कुटुंबांच्या खोलीत एक खाट दिली. खोलीत आम्ही सहा जण. एक नागालँडचे आजोबा आहेत, ते बांबूच्या चिपाटीची इतकी बारीक शिट्टी करतात की काय सांगू, मी दोन दिवस तेच शिकत होतो. असो.

तुम्ही म्हणालात तसं माणसाकडं बघितलं. कॅरम खेळताना त्याचं लक्ष दाराकडं असतं. भेटायची वेळ झाली की जास्तच. समोरच्या खाटेवर केरळचा एक जण आहे, त्याची बायको आत्तापर्यंत चार वेळा येऊन गेली. परवा ती डबा घेऊन आली तेव्हा दादानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी म्हणालो, व्यायामाला चल. तर म्हणाला, “कुणासाठी?” मग त्यानं एकदाचं सांगितलं, अगदी शांतपणे, जसा कुणा दुसऱ्याबद्दल बोलतोय:

“तिला अख्खा माणूस दिला होता. चार महिन्यांत एकदा आली नाही. दर रविवारी फोनवर दोन मिनिटं, सगळं खुशाल. मला कळतं रे. तिचं काही चुकत नाही.”

वहिनी, माझ्या जिभेवर आलं होतं. दात ओठात रुतेपर्यंत गिळलं. पण तो आबांसाठी नाही, तुमच्यासाठी खाटेवर पडलाय. मला सांगू द्या. परवानगी द्या.

आता दुसरा गुन्हा. अक्कांना मी सगळं सांगितलं. (अक्कांचं नाव घेऊन सांगू नकोस असं तुम्ही लिहिलं नव्हतं.) त्या म्हणाल्या, म्हाताऱ्यांना पेन्शनीत आलेल्यांच्या दवाखान्यात नेलं की नाही? मी म्हणालो, आमच्या घरात फुकटचं घ्यायची, मागायची रीत नाही, आबा स्वतः गावातल्या माजी सैनिकांचे अर्ज भरून देत पण स्वतःचा एक भरला नाही. अक्का चिडल्या. म्हणाल्या, “अय्यो, हे मागणं काय रे? शिपायाला बूट देतात तेव्हा त्याला लाज वाटते काय? मग पाय गेल्यावर, हात गेल्यावर कसली लाज?” आणि माझ्याकडून गावाचा पत्ता लिहून घेऊन सातारच्या सैनिक कार्यालयात फोन लावला. मी अडवलं नाही. रागवाल, माहीत आहे.

एक निरोप पद्मनाभ यांचा. नवा पाय बुटाच्या टाचेच्या उंचीप्रमाणं बसवावा लागतो. बूट कुठला घालणार ते ठरलं की मगच शेवटचा स्क्रू आवळायचा. दादा म्हणतो, घरी काळे बूट आहेत, ते कशाला आता. पद्मनाभ म्हणाले, तेच मागव. तेव्हा बूट पाठवा. दोन्ही.

मल्हार


बोरखळवाडी
५ जुलै २०२५

मल्हार,

तू लिहिलेलं ते वाक्य मी बालवाडीत वाचलं. मुलं समोर ‘अ अननसाचा’ म्हणत होती. मी पुस्तक तोंडापुढं धरून बसले. तिचं काही चुकत नाही म्हणे. असं बोलणाऱ्या माणसाला काय करावं?

तरीही सांगू नकोस. रागानं म्हणत नाही. तिथं कळलं तर ते पहिल्यांदा काय करतील सांगते: अर्ज देतील, कुबड्या घेऊन घरी येतील आणि आबांच्या खाटेशेजारी खाट टाकून बसतील. वडील पडलेत म्हटल्यावर त्यांना न उठायला कारणच मिळेल. बोर्ड होऊ दे. पाच ऑगस्टला संध्याकाळी मी स्वतः फोनवर सगळं सांगेन, आवाज मोठा ठेवून. मग ज्याला जे ऐकायचं ते ऐकू दे.

सोमवारी सैनिक कार्यालयाची जीप आपल्या दारात थांबली. सगळी आळी बाहेर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुला चार शब्द लिहायचे ठरवूनच ठेवले होते. एक निवृत्त हवालदार आणि एक व्यायाम शिकवणाऱ्या बाई. आबांनी मान फिरवली. त्या बाई घाबरल्या नाहीत. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून खणखणीत म्हणाल्या, “सुभेदारसाहेब, परेड सुरू. सावधान.” आणि मल्हार, आबांची पाठ ताठ झाली. पाच महिन्यांत मी ‘आबा बसा, आबा उठा’ म्हणत होते, हुकूम द्यायचा असतो हे मला कुठं ठाऊक. आठवड्यातून तीनदा येतात आता. चार पायांची काठी दिली आहे. काल आबा उंबऱ्यापर्यंत चार पावलं गेले. मला एवढंच वाटलं, की फेब्रुवारीतच विचारलं असतं तर. अक्कांना माझा नमस्कार सांग. ते चार शब्द परत घेतले.

सोबत पार्सलमध्ये बूट आहेत. सुट्टीत येतात तेव्हा सुखदाच्या शाळेत ते हेच घालून जातात. पॉलिश मी केलंय. चवडा दबू नये म्हणून आत कागद कोंबलेत. दोन्ही पाठवले आहेत, हे त्यांना मुद्दाम सांग. एक मी ठेवून घेतला नाही.

कस्तुरी


बेंगळुरू
१४ जुलै २०२५

वहिनी,

मी सांगितलं नाही. आईची शपथ, एक अक्षर बोललो नाही. तुम्हीच सांगितलंत. कसं ते ऐका.

पार्सल शुक्रवारी आलं. दादानं सुतळी सोडली, सुतळी गुंडाळून ठेवली, तुम्हाला त्याची सवय माहीतच आहे. उजवा बूट बाजूला ठेवला. डावा हातात घेऊन बसून राहिला. मी तुमचा निरोप सांगितला, एक ठेवून घेतला नाही म्हणून. ऐकून जरा हसला. मग आतला कागद ओढून काढला. सुखदाच्या वहीचं पान होतं, निबंधाचं. तिचं अक्षर बघून त्यानं ते मांडीवर सरळ केलं, हातानं सुरकुत्या काढल्या आणि वाचायला लागला. वाचून झाल्यावर माझ्या हातात दिलं. जसंच्या तसं उतरवून पाठवतो.

“माझे आजोबा. माझे आजोबा सुभेदार आहेत. ते मला शाळेत सोडायचे. जानेवारीपासून ते खाटेवर असतात. त्यांचा उजवा हात ऐकत नाही. आई त्यांना चमच्याने भरवते. म्हणून आई कुठेच जात नाही. आई बाबांच्या फोटोशी बोलते. हे बाबांना सांगायचे नाही.”

खाली बाईंनी दहापैकी आठ गुण दिलेत.

वहिनी, रद्दी म्हणून घरातलं जे हाताला लागलं ते तुम्ही कोंबलंत, मी काही म्हणत नाही. दादा खिडकीकडं वळला. बाहेर माकडं पाण्याच्या टाकीचं झाकण उघडत होती, मी तीच बघत बसलो, कारण त्याच्याकडं बघवेना. मग तो म्हणाला, “तुला माहीत होतं?” म्हणालो, तीन आठवडे. तो म्हणाला, “आणि तुझ्या तोंडात राहिलं?” मग म्हणाला, “ती एकटी सहा महिने हे करतेय, आणि मी इथं तिच्याबद्दल काय काय ठरवून बसलो.”

एवढंच. नंतर खाटेखाली वाकून स्वतः पाय ओढला, टॉवेल झटकला आणि मला म्हणाला, “पद्मनाभला हाक मार.”

तुम्ही लिहिलं होतंत की कळलं तर अर्ज देऊन घरी येईल. मी तसं विचारलंही. तर म्हणाला, “घरी एकाला उठवायला ती पुरी पडली. दोघांना नाही पुरणार.” शनिवारी त्यानं त्या कागदावर सही केली. अक्का साक्षीदार.

आता चालण्याचं सांगतो. दोन दांड्यांच्या मध्ये त्यांना धरून चालायचं असतं. पहिल्या दिवशी पाच पावलं, घामानं बनियन भिजलं. पायाचा जो भाग राहिलाय त्याला इथं स्टंप म्हणतात, तो सोलवटला. पद्मनाभ म्हणाले, एक दिवस आराम. दादा म्हणाला, अर्धा. काल एक हात सोडून चालला. मधेच पडला, मी धावलो तर पद्मनाभनी माझी कॉलर धरली. इथला नियम असा, की चालणाऱ्याच्या मागं राहायचं, दोन पावलं अंतर ठेवून, आणि पडला तरी हात लावायचा नाही, तो मागेल तेव्हाच द्यायचा. दादानं मागितला नाही. मला वाटतं माझ्या आयुष्यात मी सगळ्यात अवघड काम हेच केलंय, हात खिशात ठेवून उभं राहणं.

त्याचा एक हुकूम आहे तुम्हाला. आबांना त्याचं कळवायचं नाही. म्हणतो, दिवाळीला दोन पायांवर दारात उभा राहीन, तेव्हा बघतील. म्हणजे रीत चालूच. दोघं बाप-लेक सारखेच.

घाईत आहे, पोस्टाची पेटी चार वाजता उघडतात आणि वाटेत एक मिक्सर दुरुस्त करणारा बसतो, तो जुन्या मोटारींतून पंखे बनवतो, ते बघायचंय.

मल्हार


बोरखळवाडी
२७ जुलै २०२५

मल्हार,

तुझं पत्र नाही. बूट पोचल्याची पावती पोस्टात मिळाली, पण पुढं काय? तू परत कुठल्या ट्रकमध्ये बसलास की काय? दामोदरकाकांचा मोबाइल मागितला तर बंद पडलाय म्हणाले. बोर्डाला नऊ दिवस राहिले. रविवारच्या फोनवर यांचा आवाज वेगळा वाटतो. ‘सर्व खुशाल’ म्हणाले नाहीत. ‘तू जेवलीस का’ विचारलं. मागून आबांचा श्वास ऐकू येत होता, म्हणून मी ‘हो’ म्हणून ठेवून दिला. काय झालंय तिकडं?

इकडचं सांगते. आबांनी आठवडाभर जिवाचं रान केलंय. व्यायामाच्या बाई तीन वेळा म्हणतात तर हे सात वेळा. उंबरा ओलांडतात, अंगणाच्या तीन पायऱ्या उतरतात, परत चढतात. परवा सुखदाची पाटी मागितली आणि डाव्या हातानं मोठ्ठं लिहिलं: ‘सूर्याचे बूट?’ यांचे बूट फडताळात नेहमीच्या जागी नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. मी म्हणाले, शिवायला दिलेत. माझ्याकडं बघत राहिले. मग पाटी पुसली.

आणखी एक. काल त्यांनी स्वतःचा कोट काढून ठेवायला लावला, पदकांचा. दाढी करून घेतली. पाटीवर लिहिलं, ‘सातारा. दवाखाना. दोन दिवस. दामोदर.’ म्हणजे दामोदरकाका त्यांना गुरुवारी सातारला तपासणीला नेणार आहेत, तिथंच मुक्काम. मी म्हणाले, मी येते. तर डाव्या हातानं असं उडवून लावलं की पूर्वीचे आबा आठवले. दवाखान्याला कोट कशाला हे काही कळलं नाही, पण उत्साह आहे तर असू दे म्हटलं. दामोदरकाकांना विचारलं, तर ते माझ्या नजरेला नजर न देता सायकलची चेन बघायला लागले.

उलट टपाली लिही. मी वाट बघते आहे.

कस्तुरी


बेंगळुरू
२ ऑगस्ट २०२५, सकाळ

वहिनी,

तुमचं पत्र आत्ता हातात पडलं आणि मी जागच्या जागी बसलो. चौदा जुलैला मी चार पानी पत्र टाकलंय. बूट, सुखदाचा निबंध, दादाची सही, सगळं त्यात होतं. दादाला आबांचं कळलंय, वहिनी, बुटात कोंबलेल्या कागदावरून कळलं. तो उठलाय. तेवढं आधी वाचा आणि श्वास घ्या. काल तो दांड्या सोडून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि आला. तुम्ही पाठवलेले काळे बूट घालून.

मग पत्र गेलं कुठं? मी पाकीट आठवून बघितलं. घाईत होतो. पत्ता लिहिताना हातानं लहानपणापासून पाठ असलेला पत्ता लिहिला. सुभेदार हंबीरराव, बोरखळवाडी. बालवाडी नाही. आबांच्या नावानं गेलं ते. आणि दामोदरकाका कसे आहेत तुम्हाला माहीत आहे, पाकिटावर ज्याचं नाव त्याच्याच हातात देतात, मग आभाळ कोसळू दे. म्हणजे ‘आबांना कळवायचं नाही’ हे माझ्याच अक्षरात आबांनी वाचलं. आता मी काय क

मधेच उठावं लागलं. व्हरांड्यात दाराशी बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय, अक्षर लावून घ्या.

गेटवरून अक्कांच्या टेबलावर फोन आला. अक्का स्वतः जिना चढून वर आल्या, त्या कधी येत नाहीत. म्हणाल्या, “तम्मा, गेटवर एक म्हातारे आहेत. कोट, पदकं, चार पायांची काठी. पाससाठी नातं विचारलं तर बोलणं फुटत नाही, खिशातून पत्र काढून दाखवतात. अक्षर तुझं आहे.”

आबा आलेत, वहिनी. घरच्या फोनवरही कळवतोच, आता ऐकायला ते तिथं नाहीत; सातारच्या दवाखान्यात त्यांना शोधू नका. दामोदरकाकांनी त्यांना गाडीत बसवून दिलं, सुट्टीवरून परतणाऱ्या जवानांच्या डब्यात. त्या पोरांनी इथं उतरवून स्टेशनवरच्या मिलिटरीच्या ऑफिसात पोचवलं आणि तिथल्यांनी रिक्षा करून दिली. रिक्षावाला अजून गेटवर थांबलाय म्हणे, म्हाताऱ्याला आत सोडल्याशिवाय जात नाही म्हणतो.

मी पळत सुटणार होतो, त्यांना व्हीलचेअरवर घालून वर आणायला. दादा खाटेवर बसून सगळं ऐकत होता. मला म्हणाला, “थांब. त्यांना वर आणायचं नाही. तिथंच खुर्ची द्या म्हणावं. मी खाली जातो.” जिना अठरा पायऱ्यांचा आहे. जिना त्यानं अजून केलेला नाही. पद्मनाभ म्हणाले, सरी, म्हणजे बरं, जाऊ दे.

आता तो लेस बांधतोय, आधी उजव्या बुटाची, मग डाव्या. उभा राहिला. मला त्याच्या मागं जायचंय, दोन पावलं अंतर ठेवून, हात खिशात घालून.

मल्हार